शंकेचं पाणी

साळवे सरांनी आयुष्यात कुणाच्या हातचा चहा सरळ घेतला असेल, असं मला वाटत नाही. आष्टीच्या बसस्टँडसमोरच्या टपरीवर आम्ही उभे असलो, की चहा येईपर्यंत बाकीचे राजकारण बोलायचे आणि सर पातेल्याकडे बघत राहायचे. दूध कुठल्या कॅनमधून ओतलं, पत्ती नवी टाकली की सकाळचीच उकळली, गाळणं कशाला पुसलं, सगळं. कप हातात आला की तो आधी नाकाशी जायचा, मग प्रश्न यायचा. "आज गोड जास्ती हाय. कावून?" टपरीवाला सुरुवातीला चिडायचा. पुढं पुढं तो सरांचा चहा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वेगळा करायला लागला. त्यावर सरांना आणखी संशय आला, की माझाच वेगळा कावून?

ज्युनिअर कॉलेजात ते गणित शिकवायचे. पोरांनी त्यांचं नाव 'कावून सर' ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. चुकीच्या उत्तरावर ते फारसे रागवायचे नाहीत. बरोबर उत्तर आलं की मात्र पोराचं काही खरं नसायचं. "बरोबर आलं. पण कावून आलं?" असं म्हणून ते त्याला पुन्हा पहिल्या ओळीवर नेऊन उभं करायचे. पोरं म्हणायची, सरांच्या तासाला बरोबर उत्तर देण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

मी तेलगावची. नवऱ्याची बदली झाली म्हणून आष्टीला आले आणि त्याच कॉलेजात मराठी शिकवायला लागले. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये सरांनी मला खुर्ची दिली, पाणी विचारलं, आणि मग चौकशी सुरू केली. "मॅडम, तेलगावला पाणी, ऊस, सगळं सोडून आमच्या कोरड्या आष्टीला स्वखुशीनं कोण येतं? काय भानगड हाय?" मी बदलीचं सांगितलं. "नवऱ्याची बदली कावून झाली?" आता याला काय सांगायचं? शेजारी बसलेले खान सर खो खो हसायला लागले. "अरे साळवे, नई है बिचारी, सांस तो लेने दे बे." खान सर पी.टी. शिकवायचे. ते आणि साळवे सर एकाच दिवशी नोकरीला लागले होते, आणि 'बे' म्हणायचा हक्क साऱ्या कॉलेजात त्यांना एकट्यालाच होता.

एका शिक्षकदिनाला गंमत झाली. शाल, नारळ देऊन सगळ्या शिक्षकांचा सत्कार होता. सरांच्या हातात नारळ आला. त्यांनी तो कानाशी धरून हलवला, शेंडी उलटीपालटी करून बघितली आणि माईकसमोरच प्राचार्यांना म्हणाले, "सर, हा नारळ मागच्या वर्षीचा हाय." प्राचार्य म्हणाले, काय बोलता! सरांनी शेंडी वर धरली. तिला बारीक गाठ होती. "मागच्या साली हाफिसात परत ठिवताना मीच मारलती. म्हटलं बघावं, फिरून येतो का." हॉलमध्ये असा हशा पिकला की पुढचं भाषणच झालं नाही. प्राचार्यांनी पुढं वर्षभर सरांशी कामापुरतंच बोलणं ठेवलं, आणि नारळाऐवजी गुलाबाचं फूल द्यायची पद्धत कॉलेजात त्या वर्षापासून पडली.

एवढ्यावरून कुणाला वाटेल, माणूस खत्रूड असेल. तसं नव्हतं. अडल्यानडल्याला धावून जायचे, पोरांच्या फॉर्मसाठी स्वतः बीडला खेटे घालायचे. फक्त कुठलीही गोष्ट तिच्या शब्दावर घ्यायची, हे त्यांना जमत नव्हतं. आणि यातून त्यांची आईसुद्धा सुटली नव्हती. खरं तर सगळ्यात जास्त संशय त्यांचा आईवरच होता.

सरांच्या आईला आम्ही आजी म्हणायचो. नव्वदीला टेकलेल्या. डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे गेलेले, दिवसभर कॉटवर. जीभ मात्र तरतरीत. त्यांच्या घरात बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली मी बसले, की आजी मला एकच गोष्ट सांगायच्या. शिरूर कासारच्या अंगाला, डोंगराच्या वर जो मोठा माळ आहे, तिथं त्यांच्या सासऱ्यानं आणि चुलतसासऱ्यानं एक विहीर खोदली होती. गावातल्या विहिरीवर यांना चढू देत नव्हते, म्हणून कुणाचाच हक्क नसलेल्या माळावर जाऊन खोदली. सासू तेव्हा पोटुशी होती. वरच्या पायऱ्या तोवर झाल्या होत्या, पण पुढं तरी तिला नीट उतरता यावं म्हणून सासऱ्यानं खालच्या पायऱ्या बुटक्या केल्या. आणि पुढं कित्येक वर्षांनी, मिलिंद, म्हणजे आमचे साळवे सर, अंगावर पिताना हगवणीनं पार मान टाकून पडले होते, तेव्हा आजी त्यांना घेऊन माळ तुडवत माहेरी निघाल्या होत्या. "त्या हिरीत उतरले, पदर भिजिवला आन् ह्याच्या तोंडात पिळत बसले. थेंब थेंब. दिस कलला तवा ह्यानं डोळं उगडलं. त्या पाण्यावर जगलंय ते, आन् आता मलाच इचारतंय, कशावरून?"

सर तिथंच बसलेले असायचे. "हिर सातबाऱ्यावर न्हाई, नकाशावर न्हाई," ते मला समजावून सांगायचे, जणू आई तिथं नाहीच. "आमच्या लोकांत प्रत्येकाच्या आज्यानं एक तरी हिर खांदलेली असती, मॅडम. माणसाला लागतं तसं कायतरी. मी तिला खोटं म्हणत न्हाई. पण आय आपल्या लेकराला सांगताना वाढवून सांगत नसंल कशावरून?"

"भरोसा न्हाई माझ्यावर," आजी भिंतीकडं तोंड करून म्हणायच्या. हे चेष्टेत सुरू व्हायचं, पण दरवेळी चेष्टेत संपायचं नाही. एकदा तर त्या बोलता बोलता रडल्या. आपण मरायच्या आत पोराचा आपल्यावर विश्वास बसावा, एवढंच त्यांना हवं होतं. सरांना ते कळत होतं. पण न पटता 'पटलं' म्हणणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. त्या हिवाळ्यात आजींची तब्येत ढासळली, डॉक्टर हळू आवाजात बोलायला लागले, आणि सरांनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं, "मी त्या माळावर जाऊन बघून येणार हाय."

खान सर लगेच तयार झाले. त्यांच्या या तत्परतेचा सरांना संशय आला, पण त्यांच्याकडं गाडी होती. मी म्हटलं, मीही येते. "तुमी कावून?" एकदा नाही, दोन-चारदा विचारून झालं. "तुमी कॅनॉलच्या पाण्यावर पोसलेले लोक. तुमाला तहान काय ठाऊक?" त्याच शब्दाला चिडून मी हट्टानं आले.

मग तयारी सुरू झाली. डोंगराच्या पायथ्याच्या वस्तीपर्यंत गाडी, तिथून घाट चढून माळ, माळाच्या साधारण मध्यावर विहीर, असली तर. पाहून त्याच दिवशी परत. मधे गाव नाही, वस्ती नाही, झाड म्हणावं असं झाड नाही. खान सरांनी मोबाईलवरचा नकाशा दाखवला. त्यात एक बारीक वाट होती. "ह्यातल्या वाट सांगणाऱ्या बाईला एकदा चपला घालून माळावर चालाया लावा, मंग मी तिचं ऐकतो," सर म्हणाले. ते रोज संध्याकाळी कॉलेजच्या ग्राउंडवर पाठीवर भरलेल्या बाटल्यांची पिशवी घेऊन फेऱ्या मारायचे. आम्हालाही मारायला लावायचे. माझ्या बुटांचे तळवे वाकवून बघितले. खान सरांची टोपी उन्हात धरून भोकं मोजली.

पाण्याचा त्यांचा हिशेब वेगळा होता. जायचं पाणी, यायचं पाणी, आणि त्यावर आणखी तेवढंच, ज्याला ते 'शंकेचं पाणी' म्हणायचे. वाट चुकली, कुणी आजारी पडलं, बाटली सांडली, तर त्यासाठी. त्याला हात लावायचा नाही. "लघुशंका का बडी?" खान सरांनी विचारलं. सर हसले नाहीत. शंकेच्या पाण्यासाठी त्यांनी मोठा निळा कॅन घेतला, साबणानं धुतला, रात्रभर भरून ठेवला, सकाळी वास घेतला, आणि मगच पास केला.

दुसरा नियम, कुठलीही गोष्ट तीन माणसांना वेगवेगळी विचारायची. आमच्या जिल्ह्यात अंतर विचारलं, की उत्तर येतं, "इथंच की!" हे 'इथंच' शेजारच्या बांधापासून थेट नगरपर्यंत कुठंही असू शकतं. म्हणून सर आधीच्या रविवारी आम्हाला घेऊन त्या वस्तीवर चौकशीला गेले. आणि तिथंच पंचाईत झाली. ऊसतोडीचा हंगाम. दारोदार कुलपं, अंगणात वाळलेल्या तुळशी, एक-दोन कुत्री. मोटरसायकलवरून एक जण चालला होता, त्याला थांबवलं. "हिर? इथंच की, सरळ वर," तो म्हणाला आणि धुरळा उडवत गेला. तो त्या वस्तीचाच नाही, म्हणून सरांनी त्याला धरलाच नाही.

वस्तीत बोलण्याजोगं एकच माणूस सापडलं. गोदाबाई, धनगराची म्हातारी. शेरडं राखायची. उन्हानं रापलेली, कपाळावर मोठं गोंदण, हातात काठी.

"वर माळावर दगडी हिर हाय का हो, आजी?" सरांनी विचारलं.

"हाय की. पायऱ्याची हाय."

सरांचा चेहरा मी बघत होते. इतकी वर्षं ज्याचा संशय धरला, ते असं सहज कुणी 'हाय की' म्हणावं! त्यांनी आवाज सावरला. "पाणी हाय का तिला?"

म्हातारीनं शेरडांकडं बघितलं. "पाणी वाढलंय तिचं," ती म्हणाली.

"वाढलंय? पक्कं?"

"म्या काय खोटं बोलती व्हय? परवाच गेलते शेरडामागं. ह्या डोळ्यानं बगितलंय."

"तुमी स्वतः वाकून बघितलं?"

"वाकून बगितलं, बाबा. वाढलंय. काय शपथ घालू का?"

सरांनी तिला आणखी दोन वेळा फिरवून विचारलं, अगदी पोरांना विचारतात तसं. म्हातारी तसूभर हलली नाही. दुसरं माणूस नव्हतं, तिसरं नव्हतं. पण परतताना गाडीत सर खिडकीबाहेर बघत बसले होते आणि मधेच स्वतःशी हसत होते. मोठा नियम मोडला गेला आहे, हे त्यांच्या लक्षात आलं नाही, की लक्षात घ्यायचंच नव्हतं, कोण जाणे.

ठरल्या दिवशी पहाटेच वस्तीवर पोचलो. सरांनी निळा कॅन गाडीतून काढला, हातात तोलला आणि परत ठेवून दिला. "वर पाणी वाढलंय. उगं वझं कशाला?" खान सर माझ्याकडं बघतच राहिले. साळवे सर कुणाच्या तरी शब्दावर चालले आहेत, हे आम्ही पहिल्यांदा बघत होतो. मला बरंसुद्धा वाटलं.

घाटानंच निम्मा जीव काढला. वाट अशी नव्हतीच, पाण्याच्या ओघळीत घसरणारे धोंडे होते. वर आलो तर नजर पोचेल तिथवर माळ. काळा कातळ, पिवळं कुसळी गवत, मधेच एखादी खुरटलेली बाभूळ. हिवाळा सरत आलेला, तरी ऊन चैत्रासारखं. कुसळं मोज्यांतून आत शिरत होती. आम्ही पाणी हात सैल सोडून प्यायलो, कारण पुढं विहीर होती.

विहीर सापडली. माळाच्या एका बारीक खळग्यात, जवळ जाईपर्यंत दिसू नये अशी. दगडी काठ, एक बाजू ढासळलेली, आत उतरत गेलेल्या पायऱ्या. खान सर आनंदानं ओरडत पुढं धावले आणि काठावर जाऊन थबकले. मी वाकून बघितलं. तळाला वाळलेला, भेगा पडलेला गाळ होता आणि त्यात शेरडांच्या लेंड्या.

"वाढलंय? किधर वाढलंय?" खान सर म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला होता. आमच्या बाटल्यांत मिळून काही घोट उरले होते.

साळवे सर पायऱ्या उतरायला लागले. वरच्या पायऱ्या उंच, ढोपरभर, धरून धरून उतराव्या अशा. बराच वेळ ते वर येईनात, तेव्हा मीही धडपडत उतरले. सर अर्ध्याच्या खाली एका पायरीवर बसून वीत लावून उंची मापत होते. एक पायरी झाली की खालची. "मॅडम, बघा," ते म्हणाले. तिथून पुढच्या सगळ्या पायऱ्या बुटक्या होत्या. जड पावलाची बाईसुद्धा आरामात उतरेल अशा, गुळगुळीत झिजलेल्या. भरल्या विहिरीत त्या कुणाला दिसल्याच नसत्या. सरांनी तळव्यानं पायरी पुसली आणि तसेच बसून राहिले. मला रडू फुटलं. पण तहान लागलेल्या माणसानं रडू नये, असं सरांनीच ग्राउंडवर शिकवलं होतं.

परतीच्या वाटेचं फार सांगत नाही. खान सरांच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले, तो पहिलवान गडी दर थोड्या वेळानं खाली बसायचा. उरलेले घोट सरांनी त्यांना दिले, स्वतःचे सुद्धा. "मला तहान न्हाई," म्हणाले. ओठ पांढरे पडले होते, जीभ जड झाली होती. आणि मला खरी भीती कशाची वाटली सांगू? सरांनी विचारणं बंद केलं होतं. वाट हीच का, ऊन किती, गोळा कुठं आला, काही नाही. नुसते पुढं बघून चालत होते. हा माणूस इथंच कोसळला, तर आजींना काय सांगायचं, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

घाटाच्या तोंडाशी शेरडं दिसली आणि पाठोपाठ गोदाबाई. आमची अवस्था बघून तिनं कमरेची बाटली सोडली. शीतपेयाची जुनी बाटली, तिला ओलं फडकं गुंडाळलेलं. आधी खान सर, मग मी. सरांनी बाटली घेतली आणि तोंडापासून लांब, वरून धार धरली. निम्मं पाणी शर्टावर. वरून पाणी प्यायची सवय त्यांच्या घराला कुणी लावली, हे आमच्या भागात कुणाला विचारावं लागत नाही.

"तोंड लावा की," म्हातारी करवादली. "सांडतंय समदं."

सर क्षणभर थांबले. मग त्यांनी बाटलीला तोंड लावलं आणि संपेपर्यंत काढलं नाही.

थोड्या वेळानं त्यांना आवाज फुटला. "आजी, तुमी म्हणलात पाणी वाढलंय."

"मंग? वाढलंयच की. वाळून कोळ झालीया हिर."

"मंग वाढलंय कावून म्हणलात?"

गोदाबाईनं त्यांच्याकडं असं बघितलं, जसं सर फळ्यापुढच्या पोराकडं बघतात. "पाण्याला संपलं म्हणावं व्हय? पीठ, मीठ, पाणी, कुकू... संपलं म्हणत्यात व्हय कुणी? वाढलं म्हणावं. तुमाला आयनं शिकिवलं न्हाई का?"

बांगडी वाढते, कुंकू वाढतं, हे तर मलाही माहीत. पण विहिरीचं पाणी वाढलं म्हटल्यावर आम्हा तिघांच्याही डोळ्यांपुढं पाणी वर आलं होतं. सर खाली मान घालून बसले. "शिकिवलं व्हतं," ते मला हळू आवाजात म्हणाले. "आय बी आसंच म्हणायची. मीच बंद पाडलं. म्हटलं, आपल्या घरात असल्या अंधश्रद्धा नकोत. संपलं तर सरळ संपलं म्हणायचं." म्हातारी खरं बोलते का, हे त्यांनी दहा बाजूंनी तपासलं होतं. शब्द कुठल्या घरचा आहे, ते तपासायचं राहून गेलं होतं. आणि तो घर सोडून गेलेला शब्द त्यांचाच होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सरांच्या घरी गेले. सरांच्या पायांना फोड आले होते, लंगडत होते. आईशी अजून नीट बोलणं झालं नव्हतं. रात्री आले तेव्हा त्या झोपल्या होत्या आणि दिवसभर, मला वाटतं, सरांनीच टाळलं होतं.

"मंग?" आजींनी विचारलं. "घावली का माझी खोटी हिर?"

"घावली," सर म्हणाले.

"पाणी?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. मग कॉटजवळ सरकून म्हणाले, "पाणी वाढलंय, आये."

किती वर्षांनी त्या घरात तो शब्द उच्चारला गेला असेल! "आटली म्हण की," आजी पुटपुटल्या. मग त्यांच्या मनात काहीतरी हललं. अंदाजानं त्यांनी सरांच्या आवाजाकडं तोंड वळवलं. "मंग तुला खालच्या पायऱ्या दिसल्या असतील."

"दिसल्या."

"बुटक्या?"

"बुटक्या."

आजींच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी अजून विसरलेले नाही. त्या हसत होत्या आणि ओठ थरथरत होते. "आता तरी पटलं का रे, मिलिंदा?"

एखाद्यानं अशा वेळी हो म्हणून टाकलं असतं. सर म्हणाले, "पायऱ्या पटल्या. पण त्या पाण्यावर मी जगलो, हे कशावरून?"

मला वाटलं, म्हातारी आता हाताशी असलेला तांब्या फेकून मारते. त्या चिडल्या नाहीत. हात पुढं करून त्यांनी सरांचं डोकं चाचपलं, कान, गाल, हनुवटी. "तू हितं बसलायस की, मुडद्या," त्या म्हणाल्या. "आनिक काय दावू तुला?"

मला तिथं थांबवेना, म्हणून मी उठले. पुढं सरांनी आईसाठी लांबची रजा काढली, महिन्याभरात माझ्या नवऱ्याची पुन्हा बदली झाली, आणि सर मला परत भेटले नाहीत. त्या संध्याकाळी दारात चपला घालताना मी वळून बघितलं, ते शेवटचं. आजींनी त्यांना फोड आलेला पाय कॉटवर ठेवायला लावला होता आणि उशाखालची बाटली काढून त्या चाचपत तेल चोळत होत्या. तेल खवट झालं होतं, मला दारापर्यंत वास येत होता. सर डोळे मिटून बसले होते.